घर दाखवणारा एजंट नेमका कोणाचा?

अमेरिकेत पहिल्यांदा घर घ्यायला निघालेल्या कुटुंबाची एजंटशी गाठ बहुधा फार साधेपणाने पडते. संकेतस्थळावर एखादे घर आवडते, फोटोखालच्या बटणावर बोट टेकते आणि थोड्याच वेळात फोन वाजतो. शनिवारी सकाळी एजंट हसतमुखाने दारात उभा असतो, कुलूप उघडतो, तळघर दाखवतो, छप्पर किती जुने आहे ते सांगतो, मुलांची चौकशी करतो. आणि दोन-तीन घरे पाहून होईपर्यंत ‘आमचा एजंट’ हे शब्द तोंडात रुळलेले असतात. तो प्रामाणिक असेल, मेहनतीही असेल. पण तो ‘आमचा’ आहे का, असला तर कोणत्या क्षणापासून आणि कशापुरता, हे त्याच्या स्वभावावरून ठरत नाही, कायद्याने ठरते; आणि ते माहीत नसताना सहज बोलून गेलेले एखादे वाक्य काही हजार डॉलरना पडू शकते.

कोर्टाच्या आवारात आपुलकीने बोलणारा प्रत्येक वकील आपला नसतो. वकीलपत्रावर सही झाली म्हणजे तो आपला होतो, आणि त्यानंतर त्याने समोरच्या पक्षाला आपली बाजू फोडली तर तो कर्तव्यभंग ठरतो. घराच्या व्यवहारातही मूळ कल्पना हीच आहे. एजंट ज्याचे प्रतिनिधित्व करतो तो त्याचा अशील, आणि ज्याला तो केवळ व्यवहारात मदत करतो ते त्याचे गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाशी त्याने खरे बोलले पाहिजे, त्याची फसवणूक करता कामा नये आणि घराचे जे गंभीर दोष त्याला ठाऊक आहेत ते लपवता कामा नयेत. एवढे झाले की गिऱ्हाइकाचा हक्क बहुतेक ठिकाणी संपतो. अशिलाचा हक्क तिथून सुरू होतो.

अशिलाच्या बाबतीत एजंटवर सहा कर्तव्ये येतात, असे परवान्याच्या अभ्यासात शिकवले जाते: निष्ठा, कायदेशीर सूचनांचे पालन, अशिलाच्या हिताची माहिती त्याला देणे, त्याची गुपिते राखणे, पैशांचा चोख हिशेब आणि कामातले वाजवी कसब व काळजी. राज्याराज्यांत यांचे शब्द आणि व्याप्ती बदलते, कारण एजंटचा परवाना आणि त्याची कर्तव्ये हा राज्यांच्या कायद्याचा विषय आहे. मात्र या सहांपैकी माहिती देणे आणि गुपित राखणे ही दोन कर्तव्ये खरेदीदाराने नीट समजून घ्यायला हवीत, कारण एकत्र घेतली की त्यांतून एक सरळ नियम निघतो. एजंटला जे कळते ते त्याने अशिलाला सांगायचे असते, आणि अशील जे सांगतो ते त्याने बाहेर न्यायचे नसते. म्हणजे माहितीचा ओघ कोणाकडे वाहणार, हे एजंट कोणाचा आहे यावर ठरते. बाकीचा सगळा विषय या एका वाक्याभोवती फिरतो.

जेव्हा सगळेच विक्रेत्याचे होते

हे किती महत्त्वाचे आहे ते जुन्या पद्धतीकडे पाहिले की लक्षात येते. अमेरिकेत घरे विकायला येतात ती मुख्यतः एमएलएस, म्हणजे मल्टिपल लिस्टिंग सर्व्हिस, या ब्रोकरांच्या, म्हणजे ज्यांच्या हाताखाली एजंट काम करतात त्यांच्या, सामाईक नोंदणीतून. विक्रेता एका ब्रोकरला घर सोपवतो, तो ब्रोकर ते एमएलएसवर टाकतो, आणि त्या नोंदणीतला दुसरा कोणताही ब्रोकर आपले गिऱ्हाईक आणून ते विकू शकतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या व्यवस्थेत एक गृहीतक होते: गिऱ्हाईक आणणारा दुसरा ब्रोकर हा पहिल्या ब्रोकरचा उप-एजंट, आणि पर्यायाने विक्रेत्याचाच प्रतिनिधी. खरेदीदाराला गाडीत बसवून चार रविवार हिंडवणारा, त्याच्यासाठी घरे शोधणारा, ऑफर लिहून देणारा माणूस कायद्याच्या नजरेत समोरच्या पक्षाचा होता.

अशा एका गाडीतले बोलणे डोळ्यांसमोर आणा. विक्रेत्याने १,००,००० डॉलर मागितले आहेत. नवरा-बायकोने मागच्या सीटवर हलक्या आवाजात विचार केला आहे, आणि बायको पुढे वाकून म्हणते, ‘९२,००० ची ऑफर द्या, नाहीच म्हणाले तर आम्ही ९८,००० पर्यंत येऊ, कारण जूनअखेर भाड्याचे घर सोडायचे आहे.’ गाडी चालवणाऱ्याने हे ऐकले. तो उप-एजंट असल्यामुळे विक्रेत्याच्या हिताची माहिती विक्रेत्याला देणे हे त्याचे कर्तव्य होते, म्हणजे हा ९८,००० चा आकडा आणि जूनची अडचण या दोन्ही गोष्टी त्याने पलीकडे सांगायला हव्या होत्या. सांगितल्या तर ज्यांनी विश्वासाने मन मोकळे केले त्यांचा घात, न सांगितल्या तर विक्रेत्याशी बेइमानी. प्रत्यक्षात अनेक एजंट खरेदीदाराच्या बाजूने वागत असत, पण ते कायद्याच्या आधाराने नव्हे, स्वतःच्या माणुसकीने. आणि दुसऱ्याच्या माणुसकीच्या भरवशावर आयुष्यातली सर्वांत मोठी खरेदी करावी लागणे ही काही व्यवस्था म्हणता येणार नाही.

१९८३ साली फेडरल ट्रेड कमिशन या केंद्र सरकारच्या व्यापार-नियामक संस्थेच्या अधिकाऱ्यांनी घरांच्या दलाली व्यवसायावर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातल्या पाहणीत ७० टक्क्यांहून अधिक खरेदीदारांचा समज असा आढळला की आपल्याबरोबर फिरणारा एजंट आपलेच प्रतिनिधित्व करतो. लोकांचा समज एक आणि कायदा भलतेच, ही दरी उघड झाल्यावर राज्यांनी एकामागून एक कायदे करायला घेतले, आणि एजंटने ‘मी अमुकाचा’ हे लेखी सांगावे अशी सक्ती येऊ लागली. पुढे नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या १९०८ साली स्थापन झालेल्या, देशातल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक संघटनेनेही उप-एजंटगिरीची सक्ती सोडली. खरेदीदाराचा स्वतःचा एजंट ही आज स्वाभाविक वाटणारी कल्पना प्रचलित होऊन फार वर्षे झालेली नाहीत. (रिअल्टर हा शब्दही एजंटचा समानार्थी नाही, तो या संघटनेच्या सदस्यांपुरता राखलेला ट्रेडमार्क आहे.)

विक्रेत्याचा एजंटही काही देणे लागतो

याचा अर्थ विक्रेत्याचा एजंट खरेदीदाराला वाऱ्यावर सोडू शकतो असा नाही. कॅलिफोर्नियातल्या एका खटल्याने ही मर्यादा ठळकपणे आखली. १९७६ साली डायब्लो नावाच्या गावात एकरभर जागेवरचे घर, पोहण्याचा तलाव आणि पाहुण्यांसाठीचे वेगळे घर असा व्यवहार १,७०,००० डॉलरला झाला. घर भराव टाकलेल्या जमिनीवर होते आणि तो भराव नीट दाबलेला नव्हता. विक्रीच्या आधी तिथे माती घसरली होती, हे विक्रेत्यांना ठाऊक होते. एजंटांना त्यांनी ते सांगितले नव्हते. खरेदीनंतर थोड्याच काळात पुन्हा मोठी घसरण झाली, गाडीरस्त्याचा भाग खचला, भिंतींना तडे गेले, दारांच्या चौकटी वाकल्या.

विक्रेत्याच्या एजंटांचा बचाव असा होता की आम्हाला माहीतच नव्हते. पण त्यांच्यापैकी एकाने उतारावर माती धरून ठेवण्यासाठी लावलेली जाळी पाहिली होती, आणि पाहुण्यांच्या घराची फरशी सपाट नाही हेही त्यांच्या नजरेस आले होते. अपील न्यायालयाने १९८४ साली निकाल दिला की घर विकणाऱ्या ब्रोकरने स्वतः वाजवी काळजीने घर पाहणे आणि अशा खुणांवरून जे कळू शकते ते खरेदीदाराला सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे, खरेदीदार त्याचा अशील नसला तरीही. पुढे त्या राज्याने डोळ्यांनी करायच्या या पाहणीचे कर्तव्य कायद्यातच लिहिले. इतर बहुतेक राज्ये एवढ्या पुढे गेलेली नाहीत. अनेक ठिकाणी एजंटला जे ठाऊक आहे तेवढेच सांगण्याचे बंधन आहे.

तरीही या निकालाने काय मिळते आणि काय मिळत नाही हे लक्षात ठेवावे. जाळी दिसली तर ‘जाळी आहे’ हे कळण्याचा हक्क मिळतो. ‘या जाळीमुळे किंमत इतकी पाडून मागा, भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल येईपर्यंत सही करू नका, नाहीतर हे घर सोडाच’ हा सल्ला मिळत नाही. तो सल्ला देणारा माणूस आपल्या बाजूचाच असावा लागतो.

एकच एजंट दोन्हीकडे

घर आवडले, फलकावरच्या क्रमांकाला फोन केला, आणि विक्रेत्याचा एजंट म्हणाला, ‘तुमचेही काम मीच पाहतो, सोपे जाईल.’ हाच दुहेरी प्रतिनिधित्वाचा प्रसंग. बहुतेक राज्यांत दोन्ही पक्षांनी माहितीपूर्वक लेखी संमती दिली तर त्याला परवानगी आहे. फ्लोरिडा आणि कोलोरॅडो यांसारख्या काही राज्यांनी त्याला मनाई केली आहे. तिथे एजंट कोणाचाच पूर्ण प्रतिनिधी न होता, तटस्थ राहून व्यवहार पार पाडून देणारा ब्रोकर म्हणून काम करू शकतो.

दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्या एजंटला परवानगी असली तरी त्याच्या हाती उरते काय, ते पाहा. विक्रेता किती खाली येईल हे तो खरेदीदाराला सांगू शकत नाही, खरेदीदार किती वर जाईल हे विक्रेत्याला सांगू शकत नाही, आणि ‘या घराला किती ऑफर द्यावी’ या प्रश्नाला मोकळेपणाने उत्तर देणेही त्याला अवघड असते, कारण ते उत्तर एका अशिलाच्या फायद्याचे आणि दुसऱ्याच्या तोट्याचे असते. खरेदीदाराला एजंट हवा असतो तो नेमका याच प्रश्नासाठी. माझ्या मते सामान्य खरेदीदाराने या संमतीपत्रावर सही करू नये. वेळ लागला तरी चालेल, पण स्वतःचा वेगळा एजंट आणावा.

याचाच एक सौम्य प्रकार म्हणजे एकाच ब्रोकर कंपनीतले दोन एजंट, एक विक्रेत्यासाठी नेमलेला आणि एक खरेदीदारासाठी. इथे एक बारकावा आहे. परवान्याच्या रचनेत एजंट हा ब्रोकरच्या हाताखाली काम करतो आणि खरेदीदाराचा करार त्या एजंटशी नव्हे, तर कंपनीशी होतो. त्यामुळे दोघे एजंट आपापल्या अशिलाशी प्रामाणिक राहिले तरी त्यांच्या वरचा ब्रोकर दोन्हीकडे असतोच. अशा वेळी आपली कर्जमंजुरी, आपली निकड, आपला शेवटचा आकडा ही कागदपत्रे कार्यालयात कोणाला दिसतात, हे स्पष्टपणे विचारण्यात काहीही वावगे नाही.

बिल्डरच्या नव्या वसाहतीतल्या विक्री कार्यालयातही हीच खबरदारी लागते. नमुनाघर दाखवणारा तिथला प्रतिनिधी बिल्डरचा असतो आणि करारनामाही बिल्डरच्या वकिलाने लिहिलेला असतो. स्वतःचा एजंट न्यायचा असेल तर पहिल्याच भेटीत न्यावा, कारण नोंदवहीत एकट्याचे नाव लिहून आल्यानंतर आणलेल्या एजंटचे मानधन द्यायला अनेक बिल्डर नकार देतात.

पैसे कोण देतो

अनेक दशके व्यवस्था अशी होती की विक्रेता आपल्या ब्रोकरला किमतीच्या साधारण ५ ते ६ टक्के कमिशन कबूल करी आणि तो ब्रोकर त्यातला जवळपास निम्मा वाटा, खरेदीदार आणणाऱ्या एजंटसाठी, एमएलएसवर आधीच जाहीर करी. खरेदीदाराला मग सहज सांगितले जाई, ‘माझी सेवा तुम्हाला फुकट आहे.’ हे वाक्य खरे नव्हते. व्यवहाराच्या टेबलावर बाहेरून पैसे आणणारा खरेदीदारच असतो. कमिशन त्याच्याच पैशांतून, विक्रेत्याच्या हातून, वाटले जाई. शिवाय आपल्या माणसाचे मानधन समोरचा पक्ष ठरवतो, ही गोष्ट निष्ठेच्या मुळाशीच खटकणारी होती. ज्या घरावर वाटा कमी ते घर दाखवण्याची उत्सुकताही कमी, असा मोह त्या रचनेतच होता.

या पद्धतीविरुद्ध मिसूरीतल्या घरविक्रेत्यांनी मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी कॅन्सस सिटीतल्या फेडरल न्यायालयात ज्युरीने नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स आणि काही मोठ्या ब्रोकर कंपन्यांविरुद्ध सुमारे १७८ कोटी डॉलरचा निवाडा दिला. या कायद्याखाली अशी भरपाई तिप्पट होते. मार्च २०२४ मध्ये संघटनेने ४१ कोटी ८० लाख डॉलर देण्याची आणि नियम बदलण्याची तडजोड केली, आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून ते नियम लागू झाले.

खरेदीदाराच्या दृष्टीने त्यातले दोन बदल मोठे आहेत. एमएलएसवर खरेदीदाराच्या एजंटचा वाटा जाहीर करणे बंद झाले. आणि एमएलएसचा सदस्य असलेल्या एजंटने खरेदीदाराला घर दाखवण्याआधी, मग ते प्रत्यक्ष असो की व्हिडिओवरून थेट, त्याच्याशी लेखी करार केलाच पाहिजे असे ठरले. नुसती चौकशी करायला किंवा रविवारच्या ओपन हाउसमध्ये, म्हणजे घर सर्वांना पाहायला खुले असते तेव्हा, स्वतः जाऊन फिरून यायला करार लागत नाही. विक्रेत्याने खरेदीदाराच्या एजंटचे पैसे देण्यावर बंदी आलेली नाही. मात्र ते आता एमएलएसबाहेर, ऑफरमधली एक अट म्हणून किंवा वाटाघाटीतून ठरते. विक्रेता तयार झाला नाही तर ती रक्कम खरेदीदाराला स्वतःच्या खिशातून, डाउन पेमेंटच्या वर, रोख उभी करावी लागू शकते. नवख्या खरेदीदाराला हा भार जाणवतो हे खरे आहे. तरीही आपला माणूस आपण नेमतो आणि त्याचे मोल आपण ठरवतो, ही स्थिती मला आधीच्यापेक्षा निःसंशय स्वच्छ वाटते.

सही करण्याआधी तो करार वाचावा

पहिल्या घराच्या दारात उभे असताना फोनवर येणारा आणि बोटाने सही करायचा तो करार म्हणजेच या व्यवहारातले वकीलपत्र, म्हणून तो आदल्या दिवशी मागवून घ्यावा आणि घरी बसून वाचावा.

त्यात मानधनाचा आकडा स्पष्ट असलाच पाहिजे. तो टक्क्यांत असेल, ठोक रक्कम असेल, तासाप्रमाणे असेल किंवा शून्यही असेल. पण ‘विक्रेता जे देईल ते’ किंवा ‘२ ते ३ टक्के’ अशी मोघम भाषा नव्या नियमांत चालत नाही. कमिशन कायद्याने ठरलेले नाही आणि ते पूर्णतः वाटाघाटीचा विषय आहे, हे वाक्यही करारात ठळकपणे असावे लागते. त्याहून मोलाची अट म्हणजे एजंटला कराराच्या आकड्यापेक्षा जास्त पैसे कोणाकडूनही घेता येत नाहीत. करारात २ टक्के लिहिले आहेत आणि विक्रेता ३ टक्के द्यायला तयार आहे, तर एजंटने २ टक्केच घ्यायचे. महाग कमिशनच्या घराकडे खरेदीदाराला वळवण्याचा जुना मोह या एका ओळीने पुष्कळसा काढून टाकला आहे.

नंतर मुदत. काही एजंट सहा महिने किंवा वर्षाचा करार पुढे करतात. ओळख नसलेल्या माणसाशी एवढे बांधून घेण्याचे कारण नाही. एका दिवसाचा, एका घरापुरता किंवा महिनाभराचा करारही करता येतो. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून कायदाच केला आहे की व्यक्तिगत खरेदीदाराशी असा करार एका वेळी तीन महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचा नसावा. करार एकट्या त्याच एजंटशी बांधणारा आहे की दुसऱ्याबरोबरही घरे पाहण्याची मोकळीक आहे, कोणत्या भागापुरता आहे, आणि मध्येच सोडायचा झाला तर कसा सोडायचा, हेही पाहावे.

सर्वांत दुर्लक्षित कलम म्हणजे करार संपल्यानंतरच्या संरक्षण काळाचे. एजंटने मुदतीत दाखवलेले घर खरेदीदाराने करार संपल्यावर ठरावीक दिवसांत घेतले तर मानधन त्यालाच द्यावे लागेल, असे ते सांगते. एजंटच्या दृष्टीने ते न्याय्य आहे, कारण त्याच्या श्रमाचे फळ दुसऱ्याने नेऊ नये. पण हे दिवस किती आहेत, दाखवलेल्या घरांची लेखी यादी त्याने द्यायची आहे का, आणि दरम्यान दुसऱ्या एजंटशी करार झाला तर हे कलम गळते का, ही तीन उत्तरे कागदावर नसतील तर एकाच घरासाठी दोन एजंटांचे मानधन मागितले जाण्याची वेळ येऊ शकते.

करार झाल्यावर तो काय करतो

घरे शोधून दाखवणे हे आज एजंटच्या कामातले सर्वांत हलके काम झाले आहे. ती यादी खरेदीदाराच्या फोनवरही असते. खरे काम ऑफरच्या आधी आणि नंतर असते. आसपास अलीकडे विकल्या गेलेल्या, साधारण तशाच घरांचे प्रत्यक्ष विक्रीचे आकडे काढून, जागेचा, दुरुस्तीचा, जमिनीच्या तुकड्याचा फरक धरून योग्य किमतीचा अंदाज बांधणे हे पहिले. विक्रेत्याची निकड काय आहे, घर किती दिवस पडून आहे, किंमत किती वेळा उतरवली आहे, ही माहिती काढणे हे दुसरे. ती मिळाली तर अशिलाला सांगणे हे त्याचे कर्तव्यच आहे.

मग अटी. इन्स्पेक्शनची अट असेल तर घर तपासून, ठरलेल्या मुदतीत, अर्नेस्ट मनी, म्हणजे ऑफरसोबत भरलेली इसाऱ्याची रक्कम, न गमावता मागे येता येते किंवा दुरुस्ती मागता येते. कर्जाची अट असेल तर बँकेने हात वर केल्यावर संरक्षण मिळते. अप्रेझलची, म्हणजे बँकेसाठी तज्ज्ञाने केलेल्या घराच्या मूल्यांकनाची, अट यासाठी की बँक कर्ज मोजते ते ठरलेली किंमत आणि अप्रेझल यांपैकी कमी आकड्यावर. ४,००,००० ला ठरलेल्या घराचे अप्रेझल ३,८०,००० आले तर मधले २०,००० कुठून आणायचे, हा प्रश्न त्या अटीशिवाय खरेदीदाराच्या गळ्यात पडतो. ऑफरांची चढाओढ असताना या अटी सोडून देण्याचा आग्रह होतो. चांगला एजंट ‘सोडा’ किंवा ‘सोडू नका’ एवढ्यावर थांबत नाही. सोडल्यास जास्तीत जास्त किती रुतू शकता, तो आकडा काढून समोर ठेवतो आणि निर्णय अशिलावर सोपवतो.

एक बारीक पण उपयोगी गोष्ट बँकेच्या पूर्वमंजुरीच्या पत्राची. पत्र ५,००,००० चे असेल आणि ऑफर ४,५०,००० ची, तर ते पत्र जोडल्याने आपली ऐपत विक्रेत्याला आयती कळते. कर्ज अधिकाऱ्याकडून ऑफरच्या आकड्याचे पत्र करून घेता येते, आणि स्वतःचा एजंट असेल तर हे त्यानेच सुचवायला हवे. ऑफर आपोआप गुप्त नसते, हेही इथे सांगावे. वेगळा करार नसेल तर विक्रेता ती दुसऱ्या खरेदीदाराला दाखवून किंमत वाढवू शकतो.

निष्ठावान एजंटही काही प्रश्नांची उत्तरे देत नाही, आणि त्याचा राग धरू नये. आपल्याकडची कुटुंबे अगदी निरागसपणे विचारतात, ‘या भागात भारतीय लोक किती आहेत?’ १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यामुळे वंश, धर्म किंवा मूळ देश पाहून कोणाला एखाद्या वस्तीकडे वळवणे किंवा तिथून परतवणे बेकायदा आहे, म्हणून सावध एजंट इथे गप्प राहतो. हा कायदा ज्या अन्यायातून आला त्यात माणसे कातडीच्या रंगावरून वस्त्यांबाहेर ठेवली गेली होती. त्याचे गप्प राहणे आपल्याही रक्षणाचे आहे. जनगणनेचे आकडे आपण स्वतः पाहू शकतो. त्याचप्रमाणे करारातल्या कलमाचा कायदेशीर अर्थ आणि मालकी हक्काचा वाद हे वकिलाचे काम आहे, एजंटचे नव्हे.

निष्ठेला मर्यादा घालणारी एक गोष्ट मात्र करारात लिहिलेली नसते. ४,००,००० च्या घरावर २.५ टक्क्यांनी मानधन १०,००० होते. एजंटने आठवडाभर झगडून किंमत १०,००० ने खाली आणली तर खरेदीदाराचे १०,००० वाचतात आणि मानधन २५० ने घटते, त्यातही कंपनीचा हिस्सा वेगळा. सौदा फिसकटला तर मात्र त्याला बहुधा काहीच मिळत नाही. म्हणजे किंमत थोडी कमी की जास्त यापेक्षा सौदा होतो की नाही यात त्याचा जीव जास्त अडकलेला असतो. त्यात त्याची लबाडी नाही, टक्केवारीची ही रचनाच तशी आहे. ठोक मानधन ठरवल्याने ती थोडी सुधारते. आणि ‘हे घर सोडून द्या’ असे एजंट कधी म्हणाला का, हे त्याच्या जुन्या अशिलांना विचारले तर तो या दबावाखाली कसा वागतो ते कळते. इन्स्पेक्टर किंवा कर्ज देणारी संस्था त्याने सुचवली तर आणखी एक-दोन ठिकाणी चौकशी करावी. कर्ज किंवा टायटल (मालकी हक्काची तपासणी आणि विमा) यांसारख्या सेवांसाठी गिऱ्हाईक पाठवण्याच्या मोबदल्यात पैसे घेण्यास रेस्पा या घरव्यवहारातल्या सेवांविषयीच्या १९७४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि त्याच्या कंपनीचा अशा सेवेत हितसंबंध असेल तर तो लेखी सांगावा लागतो.

क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पुरा होण्याच्या, दिवशी घरात शेवटची फेरी मारून, कागदांवर सह्या होऊन किल्ली हातात आली की एजंटची बहुतेक कर्तव्ये संपतात. गुपित राखण्याचे कर्तव्य साधारणपणे संपत नाही. सहा वर्षांनी तेच घर तुम्ही विकायला काढले आणि तोच एजंट आता समोरच्या खरेदीदाराचा प्रतिनिधी म्हणून दारात उभा राहिला, तर त्या काळी तुम्ही नाइलाजाने मान्य केलेल्या अटी, तुमच्या घरातली पैशांची ओढाताण, तुम्ही विश्वासाने सांगितलेला शेवटचा आकडा, यांतले काहीही त्याने आपल्या नव्या अशिलाला सांगायचे नसते. विक्री करताना त्याला हे एकदा लेखी कळवून ठेवावे.